वय वाढलेल्या बॉक्सरने या चुका टाळा: बिघाड एकीकडे, दुरुस्ती भलतीकडे

पूर्वी सहज चुकवायचा तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) पस्तिशीनंतर नाकावर बसायला लागला, की बहुतेक बॉक्सर एकच निदान करतात: मेहनत कमी पडतेय. मग बॅगवर जादा फेऱ्या, पहाटे जादा धावणं, जिममध्ये जादा वजनं. महिन्याभरात खांदे दुखायला लागतात आणि जॅब मात्र तसाच बसत राहतो.

कारण ताकद गेलेलीच नसते. वयाबरोबर सगळं एकदम उतरत नाही, त्याला एक क्रम असतो. आधी प्रतिक्रियेचा वेळ आणि पावलांची चपळाई कमी होते. मग झटक्यात जोर लावण्याची क्षमता, कारण वेगाने आकसणारे स्नायूतंतू आधी रोडावतात. नुसती ताकद बरीच मागून घटते. जॉर्ज फोरमनने 5 नोव्हेंबर 1994 रोजी मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं तेव्हा तो 45 वर्षांचा होता आणि गुणांवर चांगलाच मागे पडला होता. पाय जड झाले होते, हातही सावकाश चालत होते, पण उजव्या हाताचा ठोसा जिथल्या तिथे होता.

म्हणून आधी नेमकं काय गेलंय ते तपासा. कोचने हातात धरलेल्या पॅडवर हात झपझप चालतात आणि स्पॅरिंगमध्ये (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत) मात्र प्रत्येक गोष्टीला उशीर होतो, असं असेल तर हाताचा वेग शाबूत आहे. पॅडवर पुढचा ठोसा कुठला ते आधीच ठाऊक असतं. स्पॅरिंगमध्ये ते ओळखावं लागतं, आणि उशीर तिथे होतोय. अशा वेळी बॅग कितीही बडवली तरी काही हाती लागत नाही. कोचने न सांगता पॅड वर करावा, मधूनच स्वतः जॅब टाकावा, कधी नुसती हूल द्यावी. ठोसा सुटल्यावर हलण्यापेक्षा समोरच्याचा खांदा आणि पुढचा पाय वाचायची सवय लावा. आणि अंतर अर्ध्या पावलाने वाढवा. ही दुरुस्ती फार साधी वाटते म्हणून कुणी करत नाही, पण त्या अर्ध्या पावलात हरवलेला वेळ बऱ्यापैकी परत मिळतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विशीतली शैली चाळिशीत रेटणं. रॉय जोन्स ज्युनियर हात कमरेजवळ ठेवायचा, डोकं मागे खेचून ठोसा चुकवायचा, लांबून उडी मारून डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) टाकायचा. पाठ्यपुस्तकात यातलं काहीच बसत नाही. त्याची विलक्षण नजर आणि चपळाई सगळं झाकून नेत होती. मार्च 2003 मध्ये, 34 व्या वर्षी, तो हेवीवेट विजेतासुद्धा झाला. मग वजन उतरवून पुन्हा लाइट हेवीवेटला आला, आणि मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत पाडलं. सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. चपळाई थोडीशीच घटली असेल, पण तिच्याखाली गार्डचा, म्हणजे हात वर ठेवून केलेल्या बचावाचा, आधार नव्हताच.

बर्नार्ड हॉपकिन्स जोन्सपेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याने ठोसे कमी केले, समोरच्याची लय तोडली, जवळ शिरून मिठी मारली, प्रत्येक फेरीत दम राखून ठेवला. बघायला कंटाळवाणं होतं, मान्य. पण मे 2011 मध्ये त्याने 46 व्या वर्षी जाँ पास्कालला माँट्रियलमध्ये हरवून जागतिक किताब घेतला, आणि त्याच लढतीत सातव्या फेरीआधी रिंगमध्ये चक्क पुशअप्स मारून दाखवल्या! तेव्हा हनुवटीपाशी हात, जॅब टाकून तो सरळ रेषेत परत आणणं, ठोशानंतर बाजूला सरकणं, हे कंटाळवाणे धडे पुन्हा गिरवा. जॅब परत येताना हात कमरेकडे घसरतो का, हे मोबाइलवर चित्रण करून बघा. तिसऱ्या फेरीनंतरचं बघा. पहिल्या फेरीत सगळ्यांचेच हात वर असतात.

सरावातही गल्लत होते. नुसतं लांब आणि संथ धावून स्फोटकपणा टिकत नाही. त्यासाठी मेडिसिन बॉल फेकणं, उड्या, दहा सेकंदांचे स्प्रिंट, आणि मध्ये पूर्ण विश्रांती. वेग उतरला की तो व्यायाम त्या दिवसापुरता थांबवा. हृदयाच्या ठोक्यांचे जुने आकडेही बदला: कमाल ठोके ढोबळमानाने 208 वजा वयाच्या सात दशांश धरतात, म्हणजे पंचविशीत साधारण 190, चाळिशीत 180. कठोर स्पॅरिंग आणि जड वजनं लागोपाठच्या दिवशी ठेवू नका.

वजन झपाट्याने उतरवून 'फॉर्म' आल्याचा भासही घातक. ऑक्टोबर 1980 मध्ये लॅरी होम्ससमोर उतरलेला 38 वर्षांचा मुहम्मद अली सडपातळ, तरणाबांड दिसत होता. वजन उतरवताना तो थायरॉइडची औषधं घेत होता. रिंगमध्ये अंगात त्राणच उरलं नव्हतं. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली.

वरच्या चुका सुधारता येतात. डोक्याला बसलेल्या माराचं तसं नाही. पूर्वी पचायचे ते ठोसे आता पाय लटपटवत असतील, स्पॅरिंगनंतर डोकं दुखत राहत असेल, बोलणं जड होत असेल, तोल जात असेल, तर यावर कुठलाही सराव नाही. स्पॅरिंग लगेच बंद करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं. स्पॅरिंगनंतर डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर थेट इस्पितळ गाठायचं. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्याभोवतीच्या शिरा ताणल्या जातात आणि कवटीत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कोचने याबाबत बॉक्सरच्या 'मी ठीक आहे' वर विसंबू नये. घरच्यांना विचारावं: एकच गोष्ट दोनदा सांगतो का, चिडचिड वाढलीय का, झोप कशी आहे.