कार्पेंटर्सचा 'अ साँग फॉर यू' नीट ऐकायचा असेल तर

कार्पेंटर्स या अमेरिकन पॉप जोडीचं नाव काढलं की बऱ्याच जणांना दोन-तीन गाणी माहीत असतात, तीपण कुठेतरी हॉटेलात जेवताना मागे हळू आवाजात लागलेली, त्यामुळे "गोड आहे हो" एवढं म्हणून विषय संपतो. मीपण कित्येक वर्षं तसंच म्हणायचो. मामाकडे एक भरून घेतलेली कॅसेट होती, त्यात त्यांची गाणी कशीही उलटसुलट टाकलेली, मला सगळी एकसारखीच वाटायची. मग एका रात्री हेडफोन लावून त्यांचा १९७२ चा 'अ साँग फॉर यू' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि कळलं की हा आवाज आजवर नुसता कानावर पडत होता, मी ऐकला कधीच नव्हता. तुमचंही तसं होऊ नये म्हणून मी कसा ऐकतो ते सांगतो.

आधी थोडी ओळख. रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर हे सख्खे भाऊबहीण, दोघांचा जन्म कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा, १९६३ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातल्या डाउनीला आलं. रिचर्ड पियानो वाजवणार, अरेंजमेंट करणार म्हणजे कुठलं वाद्य आणि आवाज कुठे येणार ते ठरवणार, आणि कॅरन मुळात ड्रमर, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम शिकलेली. हा अल्बम जून १९७२ मध्ये आला तेव्हा ती फक्त २२ वर्षांची होती. हे वय लक्षात ठेवा, कारण आवाज ऐकून ते अजिबात पटत नाही.

आता पहिली गोष्ट म्हणजे कुठलं व्हर्जन लावताय ते बघा. रिचर्डने पुढे त्यांची बरीच गाणी परत मिक्स केली, म्हणजे आवाज आणि वाद्यांची जुळणी नव्याने केली, त्यामुळे 'बेस्ट ऑफ' टाइपच्या कलेक्शनमध्ये जे मिळतं ते बऱ्याचदा १९७२ चं नसतं. सगळ्यात सोपं उदाहरण 'टॉप ऑफ द वर्ल्ड'. अल्बममध्ये ते साधं दुसऱ्या नंबरचं गाणं होतं, सिंगल म्हणून काढायचं डोक्यातच नव्हतं, पण लिन अँडरसन या गायिकेने ते गाऊन अमेरिकेतल्या कंट्री संगीतात हिट केलं, मग यांनी १९७३ मध्ये स्वतःचं सिंगल काढलं आणि त्यासाठी कॅरनने गाणं नव्याने गायलं कारण तिला आधीचं पसंत नव्हतं. ते सिंगल अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. म्हणून अल्बमच्याच नावाने शोधा, शफल बंद करा, आणि फोनच्या स्पीकरवर तर लावूच नका, खालचे सूर तिथे गायब होतात आणि या रेकॉर्डचा सगळा जीव खालच्या सुरांतच आहे.

पहिल्यांदा ऐकताना फक्त कॅरनकडे लक्ष द्या, बाकी काही शोधायचं नाही. पहिलंच गाणं टायटल साँग, मूळ लिऑन रसेल या अमेरिकन गायक-गीतकाराचं. सुरुवातीला पियानो आणि मग ती खालून येते. आपल्याकडे खर्जातला आवाज म्हणतो ना, तसा, पण जोर लावून काढलेला नाही, तिथेच राहणारा. मायक्रोफोन इतका जवळ आहे की शब्द सुरू व्हायच्या आधीचा श्वास ऐकू येतो. तो श्वास ऐका. ओळ कुठे संपते आणि ती शेवटचा सूर किती वेळ धरते, कुठे व्हायब्रेटो म्हणजे सुराची थरथर येऊ देते आणि कुठे सूर सरळ सोडून देते, हे एकदा पकडलं की बाकीचा अल्बम आपोआप उघडतो. मध्ये टेनर सॅक्सोफोन येतो, तोपण तिच्यासारखाच आरडाओरडा न करता बोलतो. जमलं तर लिऑन रसेलचं १९७० चं मूळ रेकॉर्डिंगपण ऐका. त्याचा आवाज खरखरीत, तुटका, माणूस पियानोशी बसून स्वतःशीच बोलतोय असं वाटतं. कॅरन तेच शब्द समोर बसलेल्या एकाच माणसाला सांगते. मला दोन्ही आवडतात, पण हे शेजारी शेजारी ऐकल्याशिवाय तिने काय केलंय ते पूर्ण कळत नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना मागचा कोरस ऐका, त्यासाठी 'हर्टिंग इच अदर' घ्या. मला आधी वाटायचं की स्टुडिओत दहा-बारा गाणारे उभे असतील. तसं कुणी नाही, ते सगळे आवाज फक्त या दोघांचे आहेत, एकेक सूरपट्टी गाऊन एकावर एक चढवलेली. लहानपणी या दोघांनी वडिलांच्या रेकॉर्डमध्ये लेस पॉल आणि मेरी फोर्ड ऐकलेले, तेही असेच आवाजांचे थर चढवणारे, तिथूनच हे वेड लागलं. आणि सख्खे भाऊबहीण असल्यामुळे उच्चार सारखे, शब्द तोडायची सवय सारखी, म्हणून हे थर जोडल्यासारखे वाटतच नाहीत. कडवं शांत आहे, मग एकदम ही भिंत उभी राहते आणि लगेच परत खाली बसते, आणि इतकं सगळं होऊन कॅरनचा मुख्य आवाज एकदाही झाकला जात नाही. हे रिचर्डचं काम आहे आणि त्याला याचं श्रेय फार कमी मिळतं असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्या खालच्या सुरांसाठी तो जागा मोकळी ठेवतो, प्रत्येक गाण्यात.

आता 'गुडबाय टू लव्ह'. याच्यासाठी वेगळा वेळ काढा. चाल रिचर्डची, शब्द जॉन बेटिसचे. आधी चालीबरोबर नुसतं गुणगुणून बघा, श्वास घ्यायला जागाच सापडत नाही, ओळी इतक्या लांब आहेत की आपण मध्येच अडकतो, आणि ती मात्र एकाच दमात बोलल्यासारखी गाते. मग येतो तो गिटार सोलो. फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट लावलेली, करवतीसारखी गिटार, एका अशा गाण्यात जिथे तुम्हाला व्हायोलिनची अपेक्षा असते. वाजवणारा टोनी पेलुसो. कॅरनचा फोन आला तेव्हा ती खरंच कॅरन आहे यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. रिचर्डने त्याला सांगितलं की आधी काही बार (तालाची आवर्तनं) मूळ चाल वाजव आणि मग सुटून जा. तसंच ऐका: सोलोच्या सुरुवातीला गाण्याची चाल ओळखू येते, मग हळूहळू ती सोडून गिटार वर जायला लागते. तेव्हा काही चाहत्यांनी रागाने पत्रं पाठवली होती की तुम्ही रॉकवाल्यांसारखे झालात. आज अशा, हळुवार सुरू होऊन रॉक गिटारने मोठ्या होणाऱ्या गाण्यांना पॉवर बॅलड म्हणतात आणि त्या यादीत हे अगदी सुरुवातीचं धरलं जातं. शेवटी गिटार परत येते, या वेळेस खाली कोरस आहे, आणि जे दुःख कॅरन संयमाने सांगत होती ते गिटार मोकळं करते. माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

त्यानंतर 'इंटरमिशन' नावाचा अर्ध्या मिनिटाच्या आतला तुकडा आहे, वाद्यांशिवाय, लोत्ती या जुन्या इटालियन संगीतकाराच्या चर्चसंगीतावर बेतलेला, शब्द एवढेच की आम्ही बाथरूमला जाऊन येतो. रेकॉर्डची पहिली बाजू इथे संपायची आणि माणूस उठून ती उलटायचा. स्ट्रीमिंगवर ही विश्रांती मिळत नाही, तर तुम्ही स्वतः पॉज करा, पाणी प्या, मग पुढे जा. खरंच फरक पडतो.

दुसरी बाजू मला थोडी कमी सलग वाटते. 'क्रिस्टल ललबाय' जरा जास्तच गोड आहे, पण 'आय वोन्ट लास्ट अ डे विदाउट यू' अजिबात चुकवू नका. 'पियानो पिकर' रिचर्ड स्वतः गातो, बाकीची मुलं खेळायला जायची तेव्हा पियानोवर बसलेल्या मुलाचं गाणं, आणि त्याचा आवाज बहिणीइतका भारी नाही म्हणून लोक पुढे ढकलतात. ढकलू नका, बाकीचा अल्बम ज्याने रचलाय तोच इथे समोर येतो. तिसऱ्या वेळेला स्टुडिओतले वादक, म्हणजे जो ऑसबॉर्नचा बेस गिटार आणि हॅल ब्लेनचे ड्रम यांच्यामागे जा, किती कमी वाजवलंय आणि किती जागेवर, ते बघा.

एक विनंती. कॅरन ४ फेब्रुवारी १९८३ ला गेली, ३२ वर्षांची होती, अनोरेक्सियामुळे, म्हणजे जेवणच तोडायला लावणाऱ्या आजारामुळे, हृदयावर परिणाम झालेला. हे कळल्यावर प्रत्येक ओळीत तेच शोधायचा मोह होतो, मलापण झाला होता. पण निदान पहिल्या दोन वेळा तरी ते बाजूला ठेवा. इथे ती काम करणारी, कामात जबरदस्त असलेली २२ वर्षांची मुलगी आहे, आपलंच गाणं पसंत नाही म्हणून परत गाणारी.

आणि ऑटोप्ले बंद करायला विसरू नका. सगळ्यात शेवटी पहिलं गाणं एक मिनिटभरासाठी परत येतं, तोच पियानो, तोच खालचा आवाज, आणि विरत जातो. तेव्हा लगेच दुसरं काही सुरू झालं नाही पाहिजे.