परत फिरणारे बदल, न फिरणारे बदल आणि कडक भाकरी

सात-आठ वर्षांच्या मुलांना परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदल शिकवताना व्याख्या आधी सांगू नये. त्यांच्यासमोर एखादा पदार्थ बदलावा, "आता हा होता तसा करून दाखव" असे म्हणावे आणि त्यांना खटपट करू द्यावी.

सुरुवात मिठाने करावी. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर मीठ ढवळले की ते दिसेनासे होते आणि बरीच मुले ते संपले असे सांगतात. तेच पाणी पसरट ताटात ओतावे आणि वर विरळ कापड बांधून गच्चीवर उन्हात ठेवावे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे पाण्याचा थर पातळ असेल तर ते लवकर आटून ताटात पांढरे खडे उरतात. पावसाळ्यात हा प्रयोग काढूच नये, कारण पाण्याआधी मुलांचा उत्साह आटतो. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजू लागते, म्हणून जानेवारीत, सोलापुरातील गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी गोठलेली आणि दुपारी पातळ झालेली बाटली दाखवली तरी पुरते.

कडक भाकरी मात्र मोठ्यांनाही चकवते. ती आमटीत बुडवली की मऊ पडते, तेव्हा "बदल उलटला" असे मुले लगेच म्हणतात आणि ते अर्धे बरोबरही असते. वाळताना भाकरीतून पाणी गेले होते, ते परत आले. पण तव्यावर ज्वारीच्या पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगले होते, ते पूर्ववत झाले नाहीत. हे पटवण्यासाठी मुलांना कोरडी भाकरी खलबत्त्यात बारीक कुटू द्यावी आणि तो चुरा पाण्यात मळून थापायला सांगावे. दिसायला पिठासारखा असला तरी त्याची पहिल्यासारखी भाकरी होत नाही.

यानंतरच दुसरा प्रश्न विचारावा: नवा पदार्थ तयार झाला का, म्हणजेच बदल रासायनिक आहे का? न उलटणारा प्रत्येक बदल रासायनिक असतो, असे सरसकट शिकवले जाते आणि ते चूक आहे. शेंगाचटणीसाठी दाणे भाजताना नवे पदार्थ तयार होतात, म्हणून वास आणि रंग बदलतो. कुटताना दाणे फक्त बारीक होतात, तरीही अख्खा दाणा परत मिळत नाही. दोन्ही बदल अपरिवर्तनीय आहेत, पण त्यांतील भाजणे तेवढे रासायनिक.

मेणबत्ती शेवटी घ्यावी आणि ती मोठ्या माणसानेच पेटवावी. ओघळलेले मेण थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते, परंतु सगळे ओघळ गोळा केले तरी पूर्वीएवढी मेणबत्ती भरत नाही. कमी पडलेले मेण कुठे गेले, हे मुलांनी आधी स्वतः सुचवावे आणि मगच ते जळून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होऊन हवेत गेल्याचे सांगावे.