भाड्याच्या घरात वाय-फाय की पॉवरलाइन? मागवण्याआधी या चुका टाळा

मुंबईतल्या भाड्याच्या घरांची तक्रार बहुतेक सारखीच असते: हॉलमध्ये नेट धावतं, आतल्या खोलीत मीटिंग अडकते. मग मेश (घरभर ठेवलेले, एकाच वाय-फायचे दोन-तीन डबे) घ्यायचं की पॉवरलाइन (विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अडॅप्टर), हा प्रश्न येतो. माझा आग्रह असा की दोन्हींपैकी काहीही मागवण्याआधी राउटर कुठे बसलाय ते बघा. वन बीएचकेमधली बरीचशी दुखणी तिथेच मिटतात.

राउटर दारावरच राहू देणं

फायबर पॅसेजमधून येतं. जोडणारा मुलगा दाराच्या वर फायबरचा डबा (मोडेम) आणि राउटर ठोकतो आणि पुढच्या घरी जातो. तिथून बेडरूमपर्यंत मध्ये बाथरूम, लॉफ्टवरची पाण्याची टाकी आणि आरसा लावलेलं लोखंडी कपाट. पाणी आणि धातू, दोन्ही वाय-फायला अडवतात. वाय-फायच्या दोन बँडांपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण आरसीसी भिंतीपलीकडे तो पटकन मान टाकतो. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींतल्या जाड विटांच्या भिंतीही तितक्याच अवघड. २.४ गिगाहर्ट्झ आतपर्यंत पोचतं, मात्र तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरायचे: १, ६ आणि ११. वरचे, खालचे, शेजारचे सगळे त्याच तिघांवर गर्दी करतात.

उपाय स्वस्त आहे. फायबरचा डबा दारापाशीच राहू द्या. त्यातून चपटी कॅट ६ (नेटवर्कची) केबल स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या फटीतून आत न्या आणि राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा. डबा आणि राउटर एकच असेल तर आत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे केबलने आलेलं नेट फक्त वाय-फायने पसरवेल असा) लावा. चिकटणाऱ्या क्लिपा वापरल्या की ड्रिल नको आणि डिपॉझिटवरून वादही नको. तरी घरमालकांना आधी व्हॉट्सॲपवर विचारून ठेवा; लेखी होकार घर सोडताना कामी येतो. ११ महिन्यांनी घर बदललं तर केबल गुंडाळून सोबत न्यायची.

न मोजताच खरेदी

लॅपटॉप राउटरला केबलने जोडून स्पीड टेस्ट करा, मग तीच आतल्या खोलीत वाय-फायवर करा. केबलवरही वेग पडलेला असेल तर दोष कनेक्शनचा आहे. घरात काहीही लावून फरक पडणार नाही. आणि हो, एक्सटेंडर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घेतलाच तर तो सिग्नल मेलेल्या खोलीत लावू नका. जिथे अजून चांगला सिग्नल मिळतो अशा मधल्या जागी लावा. एकाच बँडवर घेणारा-देणारा एक्सटेंडर वेग साधारण निम्मा करतो, हेही धरून चला.

पॉवरलाइनच्या खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास

पॉवरलाइन अडॅप्टर घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच डेटा नेतो. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा आतल्या खोलीत. खोक्यावरचा ६०० किंवा १००० एमबीपीएस हा कागदावरचा वेग आहे. प्रत्यक्षात त्याचा छोटा हिस्साच हाती लागतो. ६००च्या वर्गातल्या अनेक जोड्यांचा लॅन पोर्टच (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचा असतो. व्हिडिओ कॉलला ४-५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा जाड भिंतींच्या घरात तेवढंही चालून जातं. अट एकच, वेग स्थिर हवा.

तो डळमळतो कशाने? सगळ्यात मोठी चूक म्हणजे अडॅप्टर एक्सटेंशन बोर्डात लावणं. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड डेटाचा सिग्नलच गोंगाट समजून गाळतो. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. त्याच बोर्डावर मोबाइलचा स्वस्त चार्जर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तरी सिग्नल बिघडतो. एकेक वस्तू बंद करून पुन्हा वेग मोजा, गुन्हेगार सापडतो. दोन खोल्या वेगवेगळ्या एमसीबीवर (मीटरजवळच्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असल्या तर सिग्नल आणखी क्षीण होतो, आणि मोठ्या फ्लॅटमध्ये थ्री-फेजमुळे खोल्या वेगळ्या फेजवर असतील तर कधी जोडच लागत नाही. जुन्या इमारतीत अर्थिंगची तिसरी वायर नसेल तर तिचा आधार घेणाऱ्या महागड्या मॉडेलचा फायदा मिळत नाही. त्यासाठी बोर्ड मात्र स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पिना परदेशी घडणीच्या असतील तर कन्व्हर्टरवर लटकलेला अडॅप्टर सैल राहतो आणि गरम होतो. आपल्या सॉकेटमध्ये घट्ट बसेल असाच घ्या.

पेअर बटण न दाबणं

कारखान्यातून आलेली की (अडॅप्टरांचा गुप्त पासवर्ड) बऱ्याच अडॅप्टरमध्ये सारखीच असते. एकाच मीटरवर वेगवेगळे भाडेकरू राहतात अशा घरात दुसऱ्याचा अडॅप्टर तुमच्या जाळ्यात शिरू शकतो. दोन्ही अडॅप्टरचं पेअर बटण दाबा. मग नवी की तयार होते.

पॉवरलाइन घ्यायचीच तर परत करता येईल अशीच घ्या, आणि खोकं मुदत संपेपर्यंत फेकू नका. तेवढ्या दिवसांत सकाळी मिक्सर चालू असताना, रात्री एसी लावून आणि वॉशिंग मशीन फिरत असताना मोजून बघा.