अभिक्रियेची कोटी प्रयोगातून कशी काढावी?

वेग नियम (अभिक्रियेचा वेग घटकांच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो हे सांगणारे सूत्र) लिहिताना बरेच विद्यार्थी संतुलित समीकरणातले सहगुणक उचलून तेच घातांक म्हणून मांडतात. कोटी, म्हणजे या घातांकांची बेरीज, मात्र प्रयोगातूनच काढावी लागते, आणि हे पटवून देणारे माझे सर्वांत आवडते उदाहरण म्हणजे आम्लाच्या सान्निध्यात होणारी ॲसिटोन व आयोडीन यांची अभिक्रिया.

आधी घातांक अज्ञात ठेवून वेग नियम मांडावा: वेग = क × [ॲसिटोन]^म × [आम्ल]^न × [आयोडीन]^प. चौकटी कंसांत संहती (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण, मोलर म्हणजे मोल प्रति लिटरमध्ये) असते आणि क हा वेग स्थिरांक.

शंकुपात्रात ४ मोलर ॲसिटोन १० मिलिलिटर, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर आणि पाणी २० मिलिलिटर घ्यावे. त्यात ०.००५ मोलर आयोडीनचे द्रावण १० मिलिलिटर ओतताच घड्याळ सुरू करावे आणि आयोडीन संपून त्याचा रंग नाहीसा होताच थांबवावे. खाली पांढरा कागद ठेवून शेजारी साध्या पाण्याचे पात्र मांडले, तर शेवटची फिकट पिवळी छटा नेमकी कधी गेली ते कळते. तयार होणारे आयोडोॲसिटोन डोळ्यांना फार झोंबते, म्हणून हा प्रयोग हवा खेळती असलेल्या प्रयोगशाळेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

समजा, २५ अंश सेल्सिअसला रंग जायला २२० सेकंद लागले. मिश्रणातील आयोडीनची संहती ०.००१ मोलर असल्याने, तिला २२० ने भागले की वेग मिळतो. आता एका वेळी एकच संहती दुप्पट करावी आणि पाणी तेवढेच कमी करून एकूण आकारमान ५० मिलिलिटरच ठेवावे. ॲसिटोन दुप्पट केल्यास वेळ ११० सेकंदांवर येतो, म्हणजे वेग दुप्पट होतो, म्हणून म = १. आम्लाच्या बाबतीतही तेच घडते, म्हणून न = १. (वेग चौपट झाला असता, तर घातांक २ आला असता.)

आयोडीन दुप्पट केल्यावर वेळ ४४० सेकंद होतो आणि इथेच अनेकांची फसगत होते, कारण अभिक्रिया मंदावल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात आयोडीनही दुप्पट संपवायचे असते, ०.००२ ला ४४० ने भागले की वेग पूर्वीइतकाच येतो, म्हणून प = ० आणि एकूण कोटी २.

समीकरणात असलेले आयोडीन वेग नियमात नाही आणि समीकरणात नसलेले आम्ल मात्र आहे! कारण असे की, आम्लाच्या मदतीने ॲसिटोनचे ईनॉल रूप (ज्यात दुहेरी बंधाच्या कार्बनला OH गट जोडलेला असतो) तयार होणे हा सर्वांत संथ टप्पा आहे. ते तयार होताच आयोडीन त्याच्याशी झटपट संयोग पावते. आर्थर लॅपवर्थ यांनी १९०४ मध्ये ब्रोमीन वापरून हाच निष्कर्ष काढला होता.

शेवटी क काढावा. पहिल्या मिश्रणात ॲसिटोन ०.८ मोलर आणि आम्ल ०.२ मोलर असल्याने वेगाला ०.१६ ने भागावे. उत्तर सुमारे ०.००००२८ लिटर प्रति मोल प्रति सेकंद येते. तापमान बदलले की हा आकडाही बदलतो, म्हणून सर्व मिश्रणे एकाच तापमानाच्या पाण्यात ठेवून मगच मोजमाप करावे.