६० घरं निवडायची कशी?

समजा, घणसोलीत एक सोसायटी आहे. १० इमारती, प्रत्येकी १५ मजले, मजल्यावर ८ घरं, एकूण १२००. नळाला पाण्याचा जोर किती, हे ६० घरांत जाऊन मोजायचंय. आधी इमारत, मजला, घर या क्रमाने १ ते १२०० क्रमांक द्या.

सरल यादृच्छिक नमुना म्हणजे सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या एकत्र टाकून काढल्यासारखी निवड. त्यासाठी एक्सेलमध्ये प्रत्येक घरापुढे रँडचं सूत्र, =RAND(), टाका; ते ० ते १ मधला कुठलाही आकडा देतं, तो कॉलम कॉपी करून नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करा, मग सॉर्ट करून वरची ६० घ्या. व्हॅल्यू पेस्ट करायला विसरलात तर शीटमध्ये काहीही टाइप केलं की आकडे बदलतात.

पद्धतशीर नमुना सगळ्यांचा लाडका, आणि गोची इथेच होते. १२०० भागिले ६०, म्हणून दर विसावं घर. १ ते २० मधली चिठ्ठी काढली, ३ आला. मग ३, २३, ४३, ६३, ८३, १०३. पुढचं १२३, म्हणजे दुसऱ्या इमारतीतलं पुन्हा तिसरंच घर! इमारतीत घरं १२०, त्याला २० ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे दहाही इमारतींत तीच सहा घरं येतात. मजले १, ३, ६, ८, ११ आणि १३. गच्चीवरच्या टाकीला खेटून असलेले, सर्वात कमी जोराचे १४ आणि १५ सुटलेच. अंतर १९ ठेवा. १९ आणि १२० ला १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणून दर इमारतीत वेगळी घरं येतात. घरं ६३ किंवा ६४ होतील, होऊ द्या.

या कामाला खरा योग्य तो स्तरित नमुना. मजले १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५ असे तीन स्तर, प्रत्येकी ४०० घरं. प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून २०. जोर मजल्यागणिक बदलतो, म्हणून अंदाज जास्त नेमका येतो. मालक आणि भाडेकरू असे स्तर पाडलेत तर पाण्याला त्याचं काय?

गुच्छ नमुन्याची याच्याशी हमखास गल्लत होते. स्तरितात सगळ्या गटांतली थोडी घरं, गुच्छात थोड्याच गटांतली सगळी. इथे एक मजला म्हणजे एक गट. दहा इमारतींच्या १५० मजल्यांतून ८ काढले की ६४ घरं, पायपीटही कमी. पण एका मजल्यावरच्या आठही घरांना जोर जवळपास सारखाच. त्यांच्यातला सहसंबंध, म्हणजे एका मजल्यावरची घरं एकमेकांसारखी किती याचं माप, ०.५ धरला (७ म्हणजे मजल्यावरची बाकीची घरं) तर १ + ७ × ०.५ = ४.५. ६४ ला ४.५ ने भागा, म्हणजे ६४ घरं मोजून माहिती सरल नमुन्यातल्या जेमतेम १४ घरांइतकी.

दार बंद असलं तर शेजारची बेल दाबू नका. जोर मोजताना एक वेळ खपेल, पण टँकरसाठी वर्गणी द्याल का असं विचारायचं असेल, तर ठाण्याची लोकल पकडून कामावर गेलेली घरंच्या घरं गळतील. रात्री आठनंतर पुन्हा जा.