ब्रिटिश कपडा दुसऱ्या महायुद्धातला की त्यानंतरचा, कसा ओळखाल?

आधी लेबल बघा, पण त्यावर विसंबू नका. 'सीसी ४१' हा सरकारी 'युटिलिटी' योजनेतल्या कपड्यांवरचा शिक्का १९४१ पासून १९५२ पर्यंत चालला. कापडाचं रेशनिंग तर १९४९ च्या मार्चमध्येच संपलं होतं. म्हणजे शिक्का दिसला की कपडा युद्धकाळातलाच, ही सरसकट होणारी चूक.

पुरुषांच्या पँटच्या पायाचा खालचा काठ उलटा करा. कापड वाचावं म्हणून १९४२ ते १९४४ पायाला बाहेरून दुमड घालायला बंदी होती. दुमड मशीनने शिवलेली असेल तर कपडा बहुधा त्या काळाबाहेरचा. हाताचे टाके असतील तर घाई करू नका. लोक मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमड घालत. डबल-ब्रेस्टेड, म्हणजे समोर बटणांच्या दोन रांगा असलेल्या, कोटावरही तेव्हा बंदी होती.

बायकांच्या कपड्यांत फरक ठळक. युद्धातला खांदा चौकोनी, पॅड घातलेला. स्कर्ट गुडघ्याशी, चुण्या मोजक्याच. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर दिओरने गोलसर खांदा, आवळलेली कंबर आणि पोटरीपर्यंतचा घेरदार स्कर्ट आणला. तेव्हा अनेकींनी जुनेच स्कर्ट लांबवले. म्हणून काठ उजेडात धरा: जुन्या घडीची फिकट रेघ किंवा खाली जोडलेली वेगळ्या कापडाची पट्टी दिसली, तर मूळ शिलाई आधीची समजा.