हार्ट फेल्युअर कळल्यावर घरात होणाऱ्या चुका

फाइलवर 'हार्ट फेल्युअर' वाचलं आणि आई दवाखान्याच्या जिन्यातच मटकन बसली. 'हार्ट फेल होऊन गेले' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे तिने त्याचा तोच अर्थ घेतला. बाबा शेजारी उभे होते, रिक्षा कुठे थांबवायची ते विचारत होते.

पहिली चूक या नावापाशीच होते. या आजारात हृदय बंद पडलेलं नसतं. रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद कमी झालेली असते, किंवा ते ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही. मग मागे पाणी तुंबतं: फुप्फुसांत, पोटात, पायांत. दुसरा घोळ आकड्याचा. बाबांच्या टूडी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) 'ईएफ ३० टक्के' होतं. ईएफ म्हणजे हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं की हृदय तीसच टक्के चालतंय. निरोगी हृदयही एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. म्हणजे ३० हा आकडा शंभराशी नाही, साठच्या आसपासच्या आकड्याशी ताडून बघायचा. औषधं नीट घेतली तर हा आकडा बऱ्याच जणांचा वाढतो. आणि ईएफ नॉर्मल असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, तेव्हा चांगला आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

वजनकाटा

आमची सगळ्यात महाग पडलेली चूक इथली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. आम्ही करायचो, पण कसं? कधी नाश्त्यानंतर, कधी स्वेटर घालून, काटा कधी सतरंजीवर. बाबांना उठल्या उठल्या तांब्याभर पाणी प्यायची सवय, ते पिऊन मग काट्यावर. आकडा रोज मागेपुढे व्हायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघेनासे झालो. गणपतीत चार दिवसांचे आकडे असे होते: ६८.२, ६८.९, ६९.६, ७०.४. आई म्हणाली, मोदक झाले जास्त. चौथ्या रात्री बाबांनी तिसरी उशी मागितली, आणि मध्यरात्री उठून बघते तर खिडकीपाशी खुर्चीत बसून झोपलेले. मोजा काढला तर पोटरीवर त्याच्या इलॅस्टिकची खोल खाच. नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा भरून यायला वेळ लागला. सकाळी ॲडमिट.

तीन दिवसांत वाढलेले ते दोन किलो म्हणजे चरबी नव्हे, दोन लिटर पाणी. आता काटा न्हाणीघराबाहेरच्या एकाच फरशीवर असतो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन, आणि आकडा लगेच कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. दम लागेपर्यंत थांबायचं नाही. जुलाब-उलट्या होऊन वजन उतरलं, चक्कर येऊ लागली, तरीही फोन. लघवीच्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या, गोळीचा डोस बदलावा लागू शकतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणून सगळं ठीक, असं मात्र समजू नका. पाणी साठायला लागलं तरी सुरुवातीला तो आकडा चांगलाच असू शकतो.

मिठाचा डबा

भाजीत मीठ कमी केलं म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं होतं. खरं मीठ ताटाच्या डाव्या बाजूला असतं: लोणचं, पापड, चटणी. शिवाय चहाबरोबरची खारी, पाव, फरसाण, उपासाचे वेफर्स, आणि अपचन झालं की घेतलेलं इनो, त्यातही सोडियमच. सैंधव वापरलं तर चालतं हा समज पुण्यात घरोघरी आहे. सैंधवही मीठच आहे. 'लो सोडियम' मीठ तर स्वतःच्या मनाने आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि या आजारातल्या स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या आधीच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. ते फार वाढलं तर ठोके बिघडतात.

याच कारणाने शहाळ्याचंही विचारून घ्या. भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने दोन शहाळी घेऊन येतो. नाही म्हणणं जड जातं, पण म्हणावं लागतं. पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल, तर त्यात चहा, ताक, आमटी, सगळं धरायचं.

गोळ्या

बाबांना शुगर नाही. तरी चिठ्ठीत डॅपाग्लिफ्लोझिन होतं. घरातल्या एका जाणत्या माणसाने 'ही शुगरची गोळी चुकून लिहिली' म्हणून ती बंद करवली. ती चूक नव्हती. मधुमेहासाठी आलेलं हे औषध हार्ट फेल्युअरमध्ये मधुमेह नसलेल्यांनाही उपयोगी पडतं, हे २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं आणि पुढे ते मुख्य औषधांत आलं. शंका आली तर गोळी थांबवायची नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं.

बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं ही त्याहून मोठी चूक. ब्रिटनमध्ये एका चाचणीत हृदय सुधारलेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली हळूहळू बंद करून पाहिली, तर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांचा आजार परतला. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे.

लघवीच्या गोळीचं दुखणं वेगळं. लग्नाला जायचंय, पीएमपीच्या बसने स्वारगेटला जायचंय, वाटेत सोय नाही, म्हणून त्या दिवशी गोळी गुपचूप टाळली जाते. बाबांनी हे दोनदा केलं, आम्हाला नंतर कळलं. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, अडचण खरी होती. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी बाहेर जायच्या दिवशी गोळीची वेळ पुढे करून दिली.

गुडघे दुखले की दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका. ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत राहणंही टाळा. त्यानेही पाणी साठतं आणि रक्तदाब वाढतो. मुळात रात्री आडवं झाल्यावर येणारा कोरडा खोकला घशाचा नसून फुप्फुसांतल्या पाण्याचाही असू शकतो.

पलंग

काळजीपोटी आम्ही बाबांना महिनाभर उठू दिलं नाही. पायांतली ताकद गेली आणि चेहराही पडला. पुढे डॉक्टरांच्या परवानगीने सारसबागेत सपाटीवर दहा मिनिटांपासून सुरुवात केली. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, हे माप. पर्वतीच्या पायऱ्यांचा विषय सध्या बंद आहे. उदासपणा रेंगाळला, जेवण-झोप उडाली, तर तेही तपासणीला गेल्यावर सांगा. या आजारात ते अनेकांना होतं आणि त्यावर उपचार आहेत.

बसल्या जागी धाप, आडवं होताच गुदमरणं, फेसाळ गुलाबी थुंकी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, यांतलं काहीही झालं तर गाडीची किल्ली शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. आमची सोसायटी जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अशा वेळी माणसाला जिना चालत उतरवायचं नाही, खुर्चीत बसवून उचलून आणायचं. ती खुर्ची कुठली हे आम्ही ठरवून ठेवलंय: हॉलमधली, हातांची, लाकडी. उचलायला खालच्या मजल्यावरची दोन मुलं येतील, त्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवले आहेत.